शोकप्रस्तावाची नक्कल घरी पोहोचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाचा पहिला दिवस कसा जातो, हे आम्हा विदर्भातल्या पेपर वाचणाऱ्यांना पाठ झालं आहे. अध्यादेश पटलावर, पुरवणी मागण्या सादर, मग शोकप्रस्ताव, दोन-चार भाषणं, सदस्य स्तब्ध उभे, आणि कामकाज दिवसभरासाठी तहकूब. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो तो विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणांचा. कोणाला श्रद्धांजली वाहिली, त्यांची नावं आतल्या पानावर एका ओळीत असतात. कधी तीही नसतात.

अधिवेशन महिनाभराचं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. पण 2024 चं नागपूर अधिवेशन 16 ते 21 डिसेंबर, म्हणजे सोमवार ते शनिवार. 2025 चं 8 ते 14 डिसेंबर. त्याआधी 2020 आणि 2021 ला करोनामुळे हिवाळी अधिवेशन नागपुरात झालंच नाही, मुंबईतच उरकलं. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेण्याचं ठरलं, त्या हक्काचं आता एवढंच शिल्लक आहे. कापसाचा भाव, सोयाबीनची खरेदी, पीकविमा, रात्रीच येणारी विजेची लाईन, सारं त्या सहा-सात दिवसांत बसवायचं. त्यातला पहिला दिवस दुखवट्यात गेला की हातात काय उरतं, ते सांगायला हिशेबनीस नको.

माझा दुखवट्याला विरोध नाही, हे आधीच सांगतो. मी निवृत्त ग्रामसेवक. आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. सारी नोकरी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, नेर या पट्ट्यात गेली. ठराव लिहिणं हा माझा रोजचा धंदा. नाली, बोअर, अंगणवाडीची खोली, कोंडवाडा, आणि अधूनमधून दुखवटा किंवा अभिनंदन. हे दोन ठराव कोणी मनावर घेत नाही. सदस्य म्हणतात, "ते तुम्ही लिहून घ्या साहेब, सही करतो." मला मात्र या दोन ठरावांचीच आवड होती, कारण गावातल्या साध्या माणसाचं नाव ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, बाकी कशासाठी येतं? घरपट्टी थकली म्हणून, नाहीतर अतिक्रमण केलं म्हणून.

विधिमंडळाचं काय चालतं ते आधी सांगतो. लोकसभेत माजी किंवा विद्यमान सदस्य वारला की अध्यक्ष स्वतः निधनाचा उल्लेख करतात, माणूस कोण होता ते थोडक्यात वाचतात, आणि सभागृह क्षणभर स्तब्ध उभं राहतं. त्यावर मतदान नसतं. दोन अधिवेशनांच्या मधल्या काळात जे गेले, त्यांचा उल्लेख पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी होतो. राज्यसभेत सभापती शेवटी महासचिवांना सांगतात की सभागृहाचा शोक कुटुंबीयांना कळवावा. आपल्याकडे विधानसभेत आणि विधान परिषदेत शोकप्रस्ताव मांडला जातो, त्यावर सदस्य बोलतात. सरकारने जाहीर केलेला दुखवटा ही वेगळी गोष्ट. झेंडा अर्ध्यावर, सुट्टी, शासकीय इतमाम, हे सारं सरकारचं. रतन टाटा गेले तेव्हा 10 ऑक्टोबर 2024 ला राज्याच्या मंत्रिमंडळानेच शोकप्रस्ताव केला आणि त्यांना भारतरत्न द्यावं असा ठरावही केला. तो मंत्रिमंडळाचा होता, सभागृहाचा नव्हता. पेपरवाले कधी कधी दोन्ही एकाच ओळीत घालतात, म्हणून लिहिलं.

आता मुद्दा असा, की दिवसभर कामकाज बंद ठेवणं म्हणजेच शोक, असं कुठे ठरलं आहे? 1 फेब्रुवारी 2017 ला केंद्राचा अर्थसंकल्प होता आणि त्याच दिवशी केरळचे विद्यमान खासदार ई. अहमद वारले. आदल्या दिवशी संसदेतच ते कोसळले होते. विद्यमान सदस्य गेला की लोकसभा त्या दिवशी उठते, ही जुनी प्रथा. तरी त्या दिवशी श्रद्धांजली वाहून अर्थसंकल्प मांडला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सभागृह बंद ठेवलं. त्यावर वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. एवढं मात्र दिसलं की काम अडलं की प्रथेला वळसा घालता येतो. दुसरं उदाहरण लताबाईंचं. 6 फेब्रुवारी 2022 ला त्या गेल्या. त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य राहिलेल्या, वर देशाचा दोन दिवसांचा दुखवटा. दुसऱ्या दिवशी राज्यसभा तहकूब झाली ती एका तासासाठी. लता मंगेशकरांना एक तास पुरतो, तर आमच्याकडे दिवस का लागतो?

तिसरं उदाहरण लांबचं आहे. माझा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. त्याच्या वस्तीतला एक म्हातारा शाळामास्तर वारला, तेव्हा तिथल्या राज्याच्या प्रतिनिधिगृहात त्या मास्तरच्या नावाचा ठराव झाला. भाच्याने तो कागद मला मोबाईलवर पाठवला, कारण मामाला ठरावांचा शौक आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. आमदार नाही, खासदार नाही, साधा मास्तर. त्या भागातल्या आमदाराने ठराव दाखल केला. मास्तर कुठे जन्मला, कुठल्या शाळेत काय शिकवायचा, मागे कोण कोण आहे, असं एकेक कलम. आणि शेवटी दोन वाक्यं. एक, कुटुंबासाठी या ठरावाची अधिकृत प्रत तयार करावी. दुसरं, आज सभागृह उठेल ते यांच्या स्मरणार्थ उठेल. संपादकसाहेब, हे दुसरं वाक्य मी कितीतरी वेळ वाचत बसलो. सभागृह तर रोजच उठतं. दिवसभराचं काम झालं, आता उठायचंच आहे, तर ते उठणं त्या माणसाच्या नावाने. कामाचा एक मिनिट गेला नाही आणि मान राहिला.

तिकडे सगळंच चांगलं आहे असं समजू नका. अशा अभिनंदनाच्या आणि स्मरणाच्या ठरावांची तिथे वेगळी कार्यसूचीच असते आणि ते गठ्ठ्याने मंजूर होतात, न वाचताही होत असतील. त्यांच्या देशाच्या प्रतिनिधिगृहाने तर अमुक दिन, तमुक सप्ताह पाळण्याच्या विधेयकांना कंटाळून 1995 मध्ये ती नियमानेच बंद केली. पण प्रत घरी जाते. मला महत्त्वाचं वाटतं ते हेच.

आपल्याकडे शोकाचा ठराव सभागृहात बसलेल्यांसाठी होतो. ज्यांच्या घरचा माणूस गेला, ते त्यात कुठेच नसतात. हे विधानभवनात जेवढं खरं, तेवढंच आमच्या ग्रामपंचायतीत. म्हणून गावाचं सांगतो, त्यातलं मला जास्त कळतं.

ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, आणि शेवटचा विषय ऐनवेळी येणारे विषय. दुखवटा बहुधा या शेवटच्यात येतो, म्हणजे चहा येऊन गेल्यावर. नगरपरिषदांमध्ये मी पाहिलं आहे की 'दुखवटा व अभिनंदनाचे प्रस्ताव' असा एकच विषय असतो. एका ठिकाणी लोक श्रद्धांजलीला उभे राहिले, आणि बसायच्या आतच कोणाच्या तरी निवडीचा अभिनंदनाचा ठराव वाचला गेला. उभ्या माणसांनी उभ्यानेच टाळ्या वाजवल्या. ज्याचा दुखवटा होता त्याचा मुलगा दारात उभा होता.

आमच्या एका गावी पाणी सोडणारा माणूस वारला. ग्रामपंचायतीचा नळकर्मचारी, मानधनावरचा. मी सभेत म्हटलं, दुखवट्याचा ठराव घेऊ. एक सदस्य म्हणाले, "कर्मचाऱ्याचा घेतला तं उद्या साऱ्यांचेच घ्या लागतीन." दुसरे म्हणाले, "घ्या ना मंग, मरतेत का रोज?" तेच सूचक झाले. मी ठराव लिहायला घेतला तो नेहमीच्या साच्यात नाही. नेहमीचा साचा म्हणजे 'मनमिळाऊ, परोपकारी, सर्वांना हवेहवेसे व्यक्तिमत्त्व हरपले'. हे वाक्य पाटलालाही लागू, पोळ्याच्या बैलालाही लागू. मी लिहिलं, की वरच्या वस्तीचा आणि खालच्या वस्तीचा पाण्याचा वाल हे गृहस्थ सोडत. लाईन रात्री दोनला आली तर दोनला जाऊन विहिरीवरची मोटर चालू करत. टाकी भरून सांडली असं त्यांच्या पाळीत क्वचितच झालं. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. आणि खाली एक ओळ, ठरावाची नक्कल कुटुंबास देण्यात यावी.

नक्कल घेऊन मी आणि शिपाई त्यांच्या घरी गेलो. म्हातारीला वाचता येत नव्हतं, नातवाने वाचून दाखवलं. रात्रीच्या लाईनचं वाक्य आलं तेव्हा तिने मान हलवली. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "टाकीत पावडर बी तेच टाकत होते. हात फाटून जायचे त्याईचे. ते काहून नाई लेहलं?" टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर. बरोबर होतं तिचं. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना तेवढं वाक्य जोडून घेतलं आणि नवी नक्कल दिली. तेव्हापासून दुखवट्याचा ठराव सभेपुढे ठेवण्याआधी मी कच्चा खर्डा घरच्यांना ऐकवायला लागलो. विधिमंडळाच्या सचिवालयाला हे जमत नसेल, असं मला वाटत नाही. एका अधिवेशनात माजी सदस्यांची नावं असतात ती अशी किती? एक फोन मुलाला, एक गावच्या तलाठ्याला. नाव, गाव, कुठल्या मतदारसंघातून निवडून आले, कोणतं काम लावून धरलं. एका माजी पदाधिकाऱ्याच्या घरी मी एका कार्यालयाचं सांत्वनपत्र पाहिलं आहे. त्यात मृताच्या जागी मुलाचं नाव पडलं होतं. मुलगा हसत दाखवत होता, पण फ्रेम करायला कोणी नेलं नाही.

तहकुबीचा खेळ गावातही चालतो, आणि तो नागपूरपेक्षा जास्त बोचतो. 2 ऑक्टोबरची ग्रामसभा होती. घरकुलाची यादी वाचायची होती, आणि यादीत काय काय घोटाळा आहे हे साऱ्या गावाला माहीत होतं, म्हणून माणसं भरपूर आली होती. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. एरवी तेवढे जमवताना शिपाई थकून जातो, त्या दिवशी मात्र समाजमंदिराच्या ओट्यावर जागा नव्हती. सभा सुरू होताच दुखवटा मांडला गेला. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचे नातेवाईक वारले होते. आमच्या गावाशी त्यांचा संबंध एवढाच की इथून ते एकदा कारने गेले असतील. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. आणि मग 'दुःखद प्रसंगामुळे सभा तहकूब'.

एक म्हातारे कास्तकार उभेच राहिले. म्हणाले, "उभे राहिलो. दोन मिनिटं झाले. आता यादी वाचा." कोणी काही बोलेना. ते पुन्हा म्हणाले, "आमी बसतो खाली. तुमी यादी वाचा." यादी वाचली गेली नाही. तहकूब सभा ठेवली ती ऐन सोयाबीनच्या सोंगणीत, भर दुपारी. तेव्हा कोण येतं? थ्रेशर दारात उभं असताना माणूस वावर सोडून ग्रामसभेला येईल का? आलेल्या मूठभर लोकांत यादी कायम झाली. मी इतिवृत्तात सभा सुरू झाल्याची वेळ आणि तहकूब केल्याची वेळ, दोन्ही लिहिल्या, मध्ये पंधरा मिनिटांचं अंतर. ते लिहू नका म्हणून मला सांगण्यात आलं. लिहिलेलं राहिलं, माझी पुढे बदली झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही.

कायदा वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायला सांगतो. चारांतली एक अशी गेली, की गरिबाचं वर्षच जातं. तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. दुखवट्याने सभा तहकूब करता येणार नाही, एवढं एक वाक्य ग्रामविकास विभागाने परिपत्रकात घालावं. श्रद्धांजली वाहा, उभे राहा, नक्कल पाठवा, आणि विषय क्रमांक दोन घ्या. फारच वाटलं तर शेवटी लिहा, 'आजची सभा अमुक यांच्या स्मरणार्थ समाप्त'. टेक्सासवाल्यांची ही युक्ती उचलायला हरकत नाही, ते काही तिचं भाडं मागत नाहीत.

अभिनंदनाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे दुखत नाही, फक्त हसू येतं. आमदार मंत्री झाले की तालुक्यातल्या एकूणएक ग्रामपंचायतीचा ठराव जातो, सोबत पांदण रस्त्याचा अर्ज जोडूनच. यात चोरी नाही, सगळ्यांना समजतं. पण गावची पोरगी पोलीस भरतीत लागली, तर ठरावात तिचं नाव चौथ्या ओळीत येतं. आधी 'माननीय अमुक यांच्या मार्गदर्शनाखाली', मग 'माननीय तमुक यांच्या प्रेरणेने', मग बापाचं नाव, मग ती. पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर धावली ती ती, मार्गदर्शन कोणी केलं असेल तर रस्त्यावरच्या कुत्र्यांनी. मी तिचं नाव पहिल्या ओळीत घेतलं, पाठोपाठ भरतीचं वर्ष आणि जिल्हा. ठराव चार ओळींचा झाला. सरपंच म्हणाले, फार छोटा वाटतो. मी म्हटलं, पोरगी मोठी दिसते ना, झालं तर मग.

वरच्या सभागृहांचंही तेच. 5 जुलै 2024 ला विश्वचषक जिंकलेल्या चमूतल्या रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जयस्वाल यांचा मुंबईच्या विधानभवनात सत्कार झाला, अधिवेशन चालू असतानाच. चांगलं झालं, आम्हीही टीव्हीवर पाहिला. जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हा विदर्भाच्या घराघरांत पेढे वाटले गेले. अशा वेळी सभागृहाने अभिनंदन करावं, जरूर करावं. फक्त त्यात बोलणाऱ्याने स्वतः शाळेत असताना कबड्डी कशी खेळलो, हे सांगू नये. नवीन अध्यक्ष निवडले गेले की अभिनंदनाच्या भाषणांत जे कोपरखळ्यांचं सत्र रंगतं, ते मात्र मला आवडतं. वर्षातून तेवढाच वेळ सगळे एकमेकांकडे पाहून हसतात.

आता जे लिहायला मला सर्वांत जड जातं, ते लिहितो.

आमच्या जिल्ह्यात शेतकरी जीव देतो, तेव्हा त्याच्या नावाचे किती कागद होतात? 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत नोंद. पोलिसांचा पंचनामा. तलाठ्याचा अहवाल, सातबारा, कर्जाचा दाखला. मग जिल्ह्याच्या समितीपुढे प्रकरण. नापिकी होती का, बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का. त्यावरून 'पात्र' किंवा 'अपात्र'. पात्र ठरला तर एक लाखाची मदत, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. एवढे सारे कागद, आणि त्यातला एकही त्या माणसाबद्दल चांगलं बोलत नाही. प्रत्येक कागद त्याला तपासत असतो. अपात्र ठरलेल्याच्या बायकोला मी पंचायत समितीच्या आवारात विचारताना ऐकलं आहे, "अपात्र म्हंजे काय जी? शेतकरी नोयता का थो?"

अशा माणसाचा दुखवटा ग्रामपंचायत घेत नाही. का, तर भीती वाटते. ठरावात आत्महत्या लिहिली तर समितीपुढे तो पुरावा होईल, कर्ज लिहिलं तर सोसायटीवाले नाराज होतील, काहीच लिहिलं नाही तर विरोधक ओरडतील. ही भीती मी जवळून पाहिली आहे, आणि त्यावरचा उपाय कारकुनी आहे. 'निधन' लिहा. कारण लिहूच नका, ते नोंदवहीत आहे, समितीत आहे, पोलिसांत आहे. ठरावात लिहा की यांच्याकडे किती एकर कोरडवाहू होतं, पऱ्हाटी आणि तूर लावत, पोळ्याला यांची जोडी तोरणाखाली कुठल्या नंबरावर असे, पाझर तलावाच्या श्रमदानाला हे हजर होते. जो जन्मभर गावात राबला त्याच्याबद्दल गावाला एवढं माहीत असतंच. आणि नक्कल द्यायची ती बायकोच्या नावाने, तिचं स्वतःचं नाव लिहून, 'कै. अमुक यांची विधवा' असं नाही. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. ग्रामसभेच्या एका कागदाने मंत्रालय हलतं ते असं. मग दुखवट्याच्या नकलेवर बाईचं नाव लिहायला काय अडचण आहे?

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने 19 मार्च 1986 ला एकत्र जीव दिला. गेली काही वर्षं 19 मार्चला राज्यात ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. त्यासाठी कुठल्या सभागृहाने ठराव केला नव्हता, माणसांनीच तो दिवस धरून ठेवला. नागपूर अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव वाचताना या राज्यातल्या अशा शेतकऱ्यांचा एक उल्लेख शेवटी व्हावा, असं मला वाटतं. भाषण नको, कारण भाषणाला लगेच दुसऱ्या बाजूचं उत्तर येतं आणि तिथे शोक संपतो. एक उल्लेख, मग दोन मिनिटं उभं राहणं, मग बसून त्याच दिवशी कापसाच्या प्रश्नावर चर्चा. उभं राहण्यापेक्षा ते बसणं मोठं ठरेल.

शोकाचं खरं रूप फ्लेक्सवर दिसतं असं कोणी म्हणेल. बसस्टँडवर जा आणि बघा. 'भावपूर्ण श्रद्धांजली', वर गेलेल्याचा पासपोर्टएवढा फोटो, आणि खाली 'शोकाकुल' म्हणून वीस जणांचे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावून. तो फ्लेक्स महिन्याभरात कोणाच्या तरी गोठ्यावर जातो. प्रोसिडिंगचं पान मात्र राहतं. वाळवीने खाल्लं नाही तर.

मी आता काही अधिकाराचा माणूस नाही. विदर्भातल्या आमदारांनी येत्या हिवाळी अधिवेशनाआधी सभागृहाचं वेळापत्रक ठरवणाऱ्या कामकाज सल्लागार समितीत एवढंच मांडावं, की पहिल्या दिवशी शोकप्रस्तावानंतर तासाभराने सभागृह पुन्हा बसेल, प्रस्तावाचा खर्डा घरच्यांना आधी दाखवला जाईल, आणि प्रत मराठीत, टपालाने नाही तर तहसीलदारामार्फत घरपोच जाईल. तहसीलदार नोटीस घरपोच देतो, तर हेही देईल.

गावापुरतं मी माझ्याकडून केलं आहे. दुखवट्याच्या ठरावाने सभा तहकूब होऊ नये, खर्डा कुटुंबास दाखवावा आणि नक्कल आठ दिवसांत द्यावी, असा अर्ज मी आमच्या ग्रामपंचायतीत दिला आहे. येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, ऐनवेळच्या विषयात टाकू नये, असंही त्यात लिहिलं आहे. पोच घेतली आहे. आवक क्रमांक पडला आहे. सचिव माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा आहे, त्याला सांगून ठेवलं आहे की वेळ लिहीत जा.

नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ